गलगंड, मीठ आणि शाळकरी मुले

प्रश्न मजुरीचा असो वा आरोग्याचा, मोजणी झाल्याखेरीज मागणीला बळ येत नाही, असा आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा अनुभव आहे. आयोडीनचा इतिहासही हेच सांगतो.

डोंगराळ मुलुखात पाऊस आणि बर्फ जमिनीतील आयोडीन धुऊन नेतात. मग ते धान्यातही उतरत नाही. आयोडीन कमी पडले की गळ्यातील अवटू ग्रंथी वाढते. सुजलेला गळा दिसतो. पोटातल्या गर्भाच्या मेंदूचे होणारे नुकसान दिसत नाही.

१९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. कांग्रा तेव्हा पंजाबात होते. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. मग शाळांतून मुलांचे गळे चाचपून पाहिले. शाळेत मुले एके ठिकाणी सापडतात, आणि त्यांच्या गळ्यावरून साऱ्या वस्तीचा आहार कळतो. १९६२ पर्यंत दोन विभागांतील गलगंड पुष्कळ ओसरला. तिसऱ्यात तो होता तसाच राहिला. त्याच वर्षी तिसऱ्या विभागालाही ते मीठ मिळू लागले आणि राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

हा पुरावा फुकट मिळाला नाही. तिसऱ्या विभागातील मुलांनी तो आपल्या गळ्यांनी पुरविला. त्यांचे देणे आपणा सर्वांवर आहे.

पुढे मोजण्याची रीत सुधारली. गळा सावकाश ओसरतो, आणि चाचपणाऱ्या दोघांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून आता ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या लघवीतील आयोडीन मोजतात. एकाच मुलाचा आकडा रोज बदलतो. यास्तव सर्वांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतात. तो लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असला तर आयोडीन पुरेसे; ३०० च्या वर गेला तर अति झाले.

इतके हाती असूनही २००० साली केंद्र सरकारने आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी उठविली. ती पुन्हा अमलात यायला २००६ साल उजाडले. मिळविलेला हक्क राखावा लागतो, हे आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. मिठाचेही तसेच आहे. मुलांची मोजणी चालू राहिली पाहिजे, आणि तिचा आकडा त्यांच्या आईबापांना कळला पाहिजे.