स्पॅनिश कैदी, कचारगड आणि बाबांचा फोन

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या बाबांच्या फोनपासून करतो.

माघ पौर्णिमेला मी, बाबा आणि आत्या कचारगडच्या जत्रेला निघालो होतो. रेल्वेने आलात तर दरेकसा स्टेशनला उतरायचं, मग धनेगाव, आणि पुढे जंगलातून गुहेपर्यंत पायी. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. कथा सांगतात ती अशी: काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं. तोंडावरची शिळा हटवताना हिरासुका पाटालीर यांचा जीव गेला.

वाटेतच बाबांना व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे भिंतीवर सरकारी बोधचिन्ह. "तुमच्या आधारवर गेलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॉल कट करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही." बाबा गुपचूप मागे राहिले. रिटायर्ड मास्तर माणूस, आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नाही. तेवढ्यात डोंगराआड रेंज गेली. आत्याने विचारलं, "काय झालं रे भाऊ? तोंड काऊन असं उतरलं?" तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

पैसे वाचले, पण त्यात माझी हुशारी शून्य. बीटेक झालेला पोरगा वीस पावलं पुढे फोटो काढत होता.

पुण्याला परतल्यावर मी शोधत बसलो, की ही आयडिया आली कुठून? तर ही आपल्या फोनपेक्षा खूपच जुनी निघाली. व्हिदॉक नावाचा एक फ्रेंच माणूस होता, आधी गुन्हेगार, नंतर पोलीस. १८२८ मध्ये आलेल्या आठवणींत त्याने कैद्यांचा धंदा सांगितलाय. तुरुंगातून श्रीमंतांना पत्रं जायची: मी एका सरदाराचा नोकर, आम्ही खजिना लपवलाय, थोडी मदत करा, वाटा देतो. शंभर पत्रांतल्या विसांना तरी उत्तर यायचं म्हणे! पुढे याचाच 'स्पॅनिश कैदी' झाला. स्पेनच्या तुरुंगात एक धनाढ्य अडकलाय, पैसे पाठवा, पण कोणाला सांगू नका. एकदा पाठवले की नवी अडचण, नवा खर्च. १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं तेव्हाही पोलिसांच्या लेखी ही जुनीच फसवणूक होती.

नंतर नायजेरियातून ईमेल आले. त्या फ्रॉडला '४१९' म्हणतात, तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून. गंमत बघा, आपल्या १८६० च्या दंड संहितेतही ४१९ म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक. शेजारचं ४२० तर शिवीच झालं! १ जुलै २०२४ पासून ही कलमं न्याय संहितेत ३१९ आणि ३१८ झाली.

जुन्या पत्रात कैदी दुसरा कुणीतरी असायचा, लालूच दाखवून पैसे काढायचे. डिजिटल अरेस्टमध्ये कैदी आपणच, अन् लालचेच्या जागी भीती. 'कोणाला सांगू नका' मात्र दोन्हीकडे तसंच. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं.

आणि लालूच काही संपलेली नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी आमच्या गोंदियातच एका घरावर छापा टाकला, कोट्यवधींची रोकड आणि सोनं मिळालं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती, की ऑनलाइन जुगारात ५८ कोटींना फसवलं. तक्रारीप्रमाणे सुरुवातीला तो जिंकतही होता.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. चोर पैसे भराभर भाड्याच्या खात्यांतून पुढे ढकलतात. मधेच एखाद्या बँकेने रक्कम रोखली तरच हाती लागते. म्हणून घाई. आमचे गेले नव्हते, त्यामुळे संचार साथीच्या 'चक्षू'वर तो नंबर नोंदवला. बाबांनी स्वतः टाइप केला, एकेक आकडा मोठ्याने वाचत. आत्या शेजारी बसून तपासत होती.