नऊ आण्यांचे पुस्तक

पुस्तक हरवते कसे? वाळवी लागते, पावसात भिजते, रद्दीत जाते. हे आपण पाहतोच. पण त्याची आणखी एक रीत आहे. 'हे वाच हो' असे कुणी कुणाला सांगतच नाही. एक पिढी अशी गेली, की पुढचीला त्याचे नावही ठाऊक नसते. अशाच एका पुस्तकाची हकीकत आज सांगायची आहे.

पुस्तकाचे नाव 'स्त्रीपुरुषतुलना'. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. म्हणजे आपल्या खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडातल्या. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली काढलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. त्यांनी लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले.

१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेस्तव तिने आपले मूल मारले, म्हणून तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळून काळे पाणी झाले. 'पुणे वैभव' पत्राने या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. ते ताराबाईंना सोसले नाही. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्यांनी आपले उत्तर छापून घेतले. किंमत नऊ आणे.

ताराबाईंची रीत सरळ होती. बाईच्या अंगी जे जे दुर्गुण सांगतात, ते एकेक घ्यायचे आणि विचारायचे: हाच दुर्गुण पुरुषात नाही काय? बायको मेली, की पुरुष लगेच दुसरे लग्न करतो. मग नवरा मेला तर बाईने जन्मभर कोपऱ्यात का बसावे? वाकडे पाऊल पडले, तर ते एकटीचे कसे पडते? पुराणातल्या देवादिकांनाही त्यांनी सवाल केले आणि त्या वेळच्या कादंबऱ्यांतल्या नायिकांनाही सोडले नाही. भाषा घरातली, बोलण्यातली. म्हणींनी भरलेली आणि फटकारे मारणारी.

अशा पुस्तकाचे स्वागत होणे कठीणच होते. टीका झाली. फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये या लेकीची बाजू उचलून धरली. तरी पुढे सारे सामसूम झाले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळत नाही, आणि हेही जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत पडले. सुधारणेचे इतिहास लिहिले गेले. त्यांत स्त्रियांसाठी झटलेल्या पुरुषांची नावे भरपूर आली. स्वतःसाठी बोललेली ही बाई राहून गेली.

मग १९७५ साली डॉ. स. गं. मालशे या संशोधकांनी ते पुन्हा छापून वाचकांपुढे ठेवले. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बुलढाण्याची बाई परदेशातल्या विद्यापीठांत पोचली.

हे दुखणे काही आपलेच नव्हे. इंग्लंडातही विसाव्या शतकातल्या कितीतरी लेखिका अडगळीत पडल्या होत्या. लंडनच्या विरागो प्रकाशनाने १९७८ साली अशा पुस्तकांची माला सुरू केली. तिचे पहिले पुस्तक ॲन्टोनिया व्हाइट यांची १९३३ सालची कादंबरी होते. आपल्या मालशांचे काम त्याआधी तीन वर्षांचे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खानदेशातलेच उदाहरण घ्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्या माणसांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरून घेतल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. ताराबाईंना लिहिता येत होते, तरी त्या हरवल्या; बहिणाबाईंना येत नव्हते, तरी त्या टिकल्या. फरक केला तो जपणाऱ्या माणसाने.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. कळसाडी असो की नंदुरबार जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव असो. अहिराणीत, गुजरीत, भिलीत बोलणाऱ्या आजीबाई तिथे आहेत. मुलांच्या हाती वही द्या आणि आजीचे गाणे, आजीचे म्हणणे आजीच्याच शब्दांत उतरवून आणायला सांगा. वर तिचे नाव आणि गाव न विसरता घालायला लावा. शाळेच्या कपाटात जुनी बांधलेली पुस्तके असतील, तीही एकदा झटकून पाहा. मालशांसारखा माणूस प्रत्येक गावाला लाभेलच असे नाही. पण एक वही तर प्रत्येक शाळेला ठेवता येईल.