लॉकरची किल्ली कोणाकडे असावी?

१) #थ्रेड : सेंट लुईस, अमेरिका. १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध. पुरुषांच्या सामाजिक आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी एक संशोधक प्रश्नावली घेऊन घरोघरी जात आहे. नोकरी, संसार, प्रकृती असे साधेच प्रश्न. मात्र उत्तरे देणाऱ्यांपैकी पन्नास जणांना त्याने आधीच पाहिलेले आहे आणि याची त्यांना कल्पना नाही.

२) संशोधकाचे नाव लॉड हम्फ्रीज. पूर्वाश्रमीचे ख्रिस्ती धर्मोपदेशक, आता सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात समाजशास्त्राचे पीएच.डी.चे विद्यार्थी. विषय : उद्यानांतील सार्वजनिक स्वच्छतागृहांत अनोळखी पुरुषांमध्ये घडणारे लैंगिक संबंध. त्या काळी इलिनॉय वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात असे संबंध कायद्याने गुन्हा होते.

३) हम्फ्रीज यांनी तेथे पहारेकऱ्याची भूमिका पत्करली. कोणी परका येत असल्यास आतल्यांना सावध करायचे आणि त्या निमित्ताने निरीक्षण करायचे. सुमारे बारा जणांना त्यांनी आपला खरा हेतू सांगितला, आणि ते बोललेही. बाकीच्यांना काहीच माहीत नव्हते.

४) पुढचे पाऊल अधिक गंभीर होते. बाहेर उभ्या असलेल्या मोटारींचे क्रमांक त्यांनी टिपले. बाजारपेठेचे संशोधन करत असल्याचे भासवून, ओळखीच्या पोलिसांच्या मदतीने मालकांची नावे व पत्ते मिळवले. वर्षभर थांबले. मग केसांची ठेवण, पोशाख आणि मोटार बदलून त्या घरांची दारे ठोठावली.

५) हे सर्वेक्षण बनावट नव्हते. दुसऱ्या एका प्रकल्पासाठी ते खरोखरच चालू होते. हम्फ्रीज यांनी आपल्याजवळची नावे त्या यादीत मिसळली. ‘तुमची निवड का झाली?’ या प्रश्नाचे खरे उत्तर तेवढे दडवले गेले. सर्वेक्षणातील संमती ज्या माहितीवर उभी असते, तीच येथे नव्हती.

६) निष्कर्ष मोलाचे होते. या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक विवाहित होते आणि पत्नीसह राहत होते. ‘समाजाला धोकादायक विकृत माणूस’ या रूढ प्रतिमेला अभ्यासाने छेद दिला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टीरूम ट्रेड’ हे पुस्तक गाजले, गौरवले गेले आणि तितकेच वादग्रस्तही ठरले.

७) बचाव असा होता : नावांची यादी दूरच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये आहे, एकही नाव फुटलेले नाही. हे खरेच होते. पण न्यायालयाने ती यादी मागितली असती तर? अटक, नोकरी, संसार, सारे पणाला लागले असते. आणि ते संशोधकाचे नव्हे, उत्तरे देणाऱ्यांचे.

८) विभागातील काही प्राध्यापकांनी पदवी काढून घेण्याची मागणी केली. पुढे १९७५ च्या विस्तारित आवृत्तीत खुद्द हम्फ्रीज यांनीच या प्रश्नांचा पुनर्विचार केला. त्यांच्या सद्हेतूविषयी फारशी शंका नाही. पण धोका किती आणि लाभ किती, याचा निवाडा ज्याला पदवी हवी होती त्याने एकट्याने केला. खरा आक्षेप येथे आहे.

९) संशोधनाचे पूर्वपरीक्षण संस्थेतील इतरांनी करावे, हा नियम सरकारी आरोग्य अनुदानांसाठी १९६६ मध्येच आला होता, पण त्यामागे विचार मुख्यतः वैद्यकीय प्रयोगांचा होता. १९७२ मध्ये टस्कीगी येथील सिफिलिस अभ्यासाचे क्रौर्य उघड झाले. १९७४ मध्ये कायदा झाला, तर १९७९ च्या बेल्माँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

१०) १९८१ च्या नियमांनी बहुतेक सर्वेक्षणांना या परीक्षणातून सूट दिली. अपवाद कोणता? उत्तर देणारा ओळखता येत असेल, उत्तर उघड झाल्यास त्याच्यावर खटला चालू शकेल वा नोकरी जाऊ शकेल, आणि विषय लैंगिक वर्तनासारखा नाजूक असेल, तर सूट नाही. सेंट लुईसची ती पन्नास घरे या वर्णनात जशीच्या तशी बसतात.

११) आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. सुईचा वा औषधाचा स्पर्शही नसलेला प्रश्न माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो, याची ती दखल होती.

१२) नैतिकता समिती म्हणजे कागदपत्रांची कटकट, असे अनेक संशोधकांना वाटते, आणि कधीकधी ते खरेही असते. पण सहभागींची सुरक्षितता एकाच माणसाच्या भलेपणावर आणि एका लॉकरवर सोपवू नये, एवढ्यासाठी ती असते. (समाप्त)