आखूड नळी आणि ०.२२चे काडतूस: दाजीपूरच्या रानाचा धडा

शिवाजी पेठेत शिवजयंतीला मर्दानी खेळांचे फड रंगतात. लाठी, पट्टा, विटा. प्रत्येक हत्याराचे अंतर ठरलेले असते आणि ते त्याच्या लांबीवरून ठरते. बंदुकीत लांबीचा हाच प्रश्न नळीच्या आत शिरतो. तिथे त्याचे उत्तर काडतुसाला द्यावे लागते.

(‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूश’वरून मराठीत आला. ‘पिस्तूल’ही त्याच वाटेने आले.)

पेठेच्या कडेला रंकाळा आहे. तलाव मागे टाकून पश्चिमेला निघाले की रस्ते राधानगरी आणि गगनबावड्याकडे जातात. तिथले दाजीपूरचे जंगल हे करवीर छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. झाडी एवढी दाट की अनेक ठिकाणी पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. अशा रानात लांब नळीची बंदूक वेलींत आणि करवंदीच्या जाळ्यांत अडकते. घोड्यावर ती आडवी येते, मचाणावर तर वळवताच येत नाही. म्हणून आखूड, हलकी, बारीक व्यासाची रायफल शिकाऱ्याला मोहात पाडते.

हा मोह फार जुना नाही. राजर्षी शाहूंचे दत्तकविधान झाले ते १८८४ साली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. त्याआधीची काळी दारू गोळीला सेकंदाला साधारण ४०० ते ५०० मीटरच्या फारशी पुढे नेऊ शकत नसे. जोर वाढवायचा तर गोळीच जाड आणि जड करावी लागे. नव्या दारूमुळे बारीक, तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असलेली गोळी बऱ्याच जास्त वेगाने सुटू लागली. शाहू महाराजांची कारकीर्द (१८९४ ते १९२२) आणि बारीक व्यासाच्या रायफलींचा उदय, दोन्ही एकाच काळातले. महाराजांचा शिकारीचा षौक प्रसिद्धच आहे. चित्त्यांकडून काळवीट धरण्याच्या त्यांच्या आवडत्या शिकारीत काडतूस लागत नसे, हा भाग वेगळा.

आता नळीच्या आतले गणित. बिनधुराची दारू एका क्षणात संपत नाही. गोळी नळीतून पुढे सरकत असताना ती मागे जळत राहते आणि वायूचा दाब गोळीला ढकलत राहतो. नळी लवकर संपली तर उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. त्यातून लखलखाट होतो, कानठळ्या बसतात, पण गोळीला त्याचा काही उपयोग होत नाही. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत नळी एक इंचाने कमी केली की वेग साधारण ८ ते १५ मीटरने घटतो. संधिप्रकाशात त्या लखलखाटाने शिकाऱ्याचे डोळे दिपतात आणि दुसरा बार अंदाजावर टाकावा लागतो.

म्हणजे आखूड नळीला थोड्या दारूचे, लवकर जळणारे काडतूस मानवते. ०.२२ लाँग रायफल (१८८७) हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यातली चिमूटभर दारू सोळा-सतरा इंचांतच आपले काम उरकते, त्यापुढची नळी वेग वाढवत नाही. १९३०च्या सुमारास आलेले ०.२२ हॉर्नेट त्याहून बरेच जोरकस, तरीही दारू कमी असल्याने आखूड नळीत फारसे न बिघडणारे. तिसरे ०.२२ हाय-पॉवर. ते चार्ल्स न्यूटनने रचले आणि अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने १९१२च्या सुमारास वीस इंची नळीच्या सुटसुटीत रायफलीत बाजारात आणले.

तिन्हींच्या नावात ०.२२ असले तरी एकाचे काडतूस दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. हाय-पॉवरच्या गोळीचा व्यासदेखील किंचित जास्त, इंचाचे २२८ सहस्रांश. जोराचा फरक तर प्रचंड. लाँग रायफलच्या गोळीत दीडशे-दोनशे ज्यूल ऊर्जा असते, हॉर्नेटमध्ये हजारच्या आसपास, हाय-पॉवरमध्ये सोळाशेच्या वर.

हाय-पॉवरने काही वर्षे शिकारीजगताला भुरळ घातली. चीनमधील हॅरी कॉल्डवेल या मिशनऱ्याने त्या साडेचार ग्रॅमच्या गोळीने वाघ मारले आणि त्याचा गाजावाजा झाला. पण ती गोळी हलकी, कवच पातळ. जाड स्नायूंवर किंवा हाडावर आदळली की ती वरच्यावर फुटे. कॉल्डवेलचा नेम आणि संयम प्रत्येकाकडे नव्हता. दाजीपूरचा मोठा गवा हजार किलोच्या घरात जातो. त्याच्यापुढे हे काडतूस घेऊन उभे राहणे म्हणजे मूर्खपणाच, आणि जखमी जनावराचे हाल वेगळेच.

त्या हालांची किंमत माणसांनीही मोजली. कुमाऊँच्या चंपावत वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारले तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीची ती खूण होती. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांवर वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष.

हवामानाचा त्रास आणखी निराळा. विलायतेत भरलेली कॉर्डाइट दारूची काडतुसे हिंदुस्थानच्या वैशाखात तापली की दाब वाढे, पितळी टोपण कोठीत घट्ट बसे आणि रिकामे काडतूस बाहेर निघेना. म्हणून किनॉकसारख्या कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी करून वेगळी काडतुसे भरत.

आणि सगळ्यांवर कायद्याची कडी. लष्करी ३०३चे काडतूस बंडखोरांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने खासगी वापरासाठी ते बंद ठेवले. १९०७च्या सुमारास ०.४५० व्यासाच्या काडतुसांच्या आयातीवरही बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच ०.४६५, ०.४७० असे शेजारचे व्यास काढले! ३०३ची जागा इथे ०.३१५ने घेतली. ते मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे काडतूस: जवळपास सोळा ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. वेगात ते हाय-पॉवरच्या मागे, ऊर्जेत मात्र जवळपास दुप्पट. स्वातंत्र्यानंतर सरकारी आयुध कारखान्यांनी याच काडतुसाची रायफल बनवली आणि परवानाधारकांच्या घरी तीच पोहोचली. ती निवड शिकाऱ्याने केली असे म्हणणे कठीण. कायद्याने दुसरे फारसे काही शिल्लकच ठेवले नव्हते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. नवीन राजवाड्यातील संग्रहालयात आज बंदुका आणि पेंढा भरलेली जनावरे एकाच छताखाली दिसतात.

०.२२ मात्र कोल्हापुरात राहिली. ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद जिंकले. काडतूस तेच, १८८७चे लाँग रायफल. या स्पर्धांच्या अनेक रायफलींत नळीच्या तोंडाला एक पोकळ नळकांडे जोडलेले असते. ते फक्त नेमाची माशी डोळ्यापासून दूर नेते. गोळीला लागणारी खरी नळी त्याआधीच संपलेली असते. काडतुसाची निवडही आता निराळ्या रीतीने होते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळ्या दिवशी भरलेले गट आणले जातात, रायफल शिकंज्यात पक्की धरली जाते आणि प्रत्येक गटाच्या गोळ्या ५० मीटरवर कागदाला किती जवळजवळ छिद्रे पाडतात ते मोजले जाते. जो गट त्या एका नळीला मानवतो, त्याचीच खोकी विकत घेतली जातात.