मीटर-बस : इमारतीतील जाळ्याची आखणी

मीटर-बस (एम-बस) : इमारतीतील उष्णता, पाणी, वीज किंवा गॅस मोजणारे मीटर तारांच्या एकाच जोडीवर जोडून एका ठिकाणाहून वाचण्याची पद्धत. जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठातील होर्स्ट त्सिग्लर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि टेखेम या कंपन्यांबरोबर ती घडवली. थंड देशांत एकाच बॉयलरचे गरम पाणी साऱ्या इमारतीत फिरते आणि खर्च मात्र घरागणिक वेगळा काढावा लागतो. आज या पद्धतीचे नियम ईएन 13757 या युरोपीय मानकात आहेत.

इंदुरात खोल्या तापवायची अशी व्यवस्था नसते. माळव्याची थंडी स्वेटर-रजईवर निभावते. उन्हाळ्यात मात्र तोच हिशेब उलट्या बाजूने दारात येतो. मोठ्या कार्यालयीन संकुलात चिलरचे थंड पाणी मजल्या-मजल्यावर फिरते आणि प्रत्येक भाडेकरूने किती थंडावा वापरला ते ‘बीटीयू मीटर’ सांगतो. तो पाण्याचा प्रवाह आणि जाताना-येतानाचे तापमान मोजतो. पाणी 7 अंशांवर जाऊन 12 अंशांवर परतले, तर तासाला 1 घनमीटर प्रवाहामागे सुमारे 5.8 किलोवॅट थंडावा खर्ची पडतो. फरक अवघा 5 अंशांचा. त्यात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे बिलात दहा टक्क्यांची चूक. म्हणून दोन्ही सेन्सर कारखान्यातून जुळवून आलेल्या जोडीतलेच हवेत. एक बिघडला म्हणून तेवढाच बदलणे हा भाडेकरूवर अन्याय आहे. पाण्याच्या मीटरची निकड तर इंदूरला आणखी जवळची. 1978 पासून शहराला नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, घाट चढवून आणावे लागते. इतक्या खटपटीने आलेल्या पाण्याचा हिशेब घरागणिक व्हायलाच हवा.

हे सारे मीटर जोडणाऱ्या तारांच्या जोडीवर, म्हणजे बसवर, वाचन करणारे मुख्य यंत्र 36 आणि 24 व्होल्ट यांच्यात दाब बदलून प्रश्न विचारते, तर मीटर आपला प्रवाह 11 ते 20 मिलिअँपिअरने वाढवून उत्तर देतो. एरवी प्रत्येक मीटर सुमारे 1.5 मिलिअँपिअर घेतो. तारा उलटसुलट जोडल्या तरी चालते आणि फांद्या हव्या तशा काढता येतात. फक्त वर्तुळ पुरे करू नये. आरएस-485 या तारेवरच्या दुसऱ्या पद्धतीत ही मोकळीक नाही. तिथे तार एका मीटरकडून दुसऱ्याकडे ओळीनेच न्यावी लागते आणि दोन्ही टोकांना 120 ओमचा रोध लावावा लागतो.

आखणीत सर्वाधिक फसगत होते ती पत्त्यांच्या आकड्याने. बसवर प्रत्येक मीटरला ओळखीसाठी दिलेले पत्ते 1 ते 250 आहेत, म्हणून एका तारेवर 250 मीटर बसतील असे धरले जाते. 0.8 मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे 70 ओम असतो. 250 मीटरचे 375 मिलिअँपिअर अशा एक किलोमीटर तारेतून टोकापर्यंत नेले, तर 26 व्होल्ट वाटेतच गळतात आणि मीटरला लागणारे किमान 12 व्होल्टही उरत नाहीत. तेच फक्त 60 मीटर तारेच्या 200 मीटर लांबीवर असतील, तर गळती सव्वा व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून आधी डक्टमधून टेप धरून लांबी मोजावी, मग मीटर मोजावेत आणि मोठ्या संकुलात प्रत्येक विंगला स्वतंत्र फांदी द्यावी. वेग 2400 बॉड पुरतो. एका मीटरला एक-दोन सेकंद लागतात. महिन्याच्या बिलाला याहून घाई कशाला?

दोन इमारतींमधली तार हा इंदूरपुरता वेगळा विषय आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि उघडी पुरलेली केबल ताणून जोडापाशी तोडते. केबल पाइपातूनच न्यावी, दोन्ही टोकांना थोडी ढील ठेवावी. मान्सूनपूर्व वळवाच्या विजांसाठी दोन्हीकडे सर्ज संरक्षक बसवावा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी.

शहरातले विजेचे स्मार्ट मीटर रेडिओ लहरींवर बोलतात, मग घरात तार कशाला, असे विचारले जाते. तळघरातल्या पंपघरात किंवा लोखंडी दाराच्या डक्टमध्ये लहरी मंदावतात. शिवाय बसवरच्या मीटरला संवादाची वीज तारेतूनच मिळते, बॅटरीवर भार पडत नाही. नव्या बांधकामात भिंती उघड्या असतानाच ही जोडी टाकून ठेवावी.

प्रत्येक मीटरवर कारखान्याचा आठ अंकी क्रमांक असतो. तो, फ्लॅटचा क्रमांक आणि जंक्शन बॉक्स यांची नोंद मीटर बसवतानाच, हातात टॅग असतानाच करावी. दोन शेजाऱ्यांच्या मीटरची नोंदीत अदलाबदल झाली, तर जाळे वर्षानुवर्षे बिनचूक चालते आणि बिल मात्र दर महिन्याला चुकीच्या घरी जाते. ताबा घेण्यापूर्वी सर्व मीटर जोडलेले असताना शेवटच्या मीटरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून दाब पाहावा, नंतर एका घरातला नळ सोडून पॅनेलवर त्याच घराचा आकडा हलतो का ते तपासावे, आणि सही केलेली मीटर-यादी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी.