बोटीच्या पोटातले प्रवासी

१/ ‘टायटॅनिक’ (१९९७) चित्रपटातील तो प्रसंग आठवतो? पाणी चढत आहे आणि तिसऱ्या वर्गाचे प्रवासी कुलूपबंद जाळीच्या दारामागे अडकले आहेत. बोटीवर अशी दारे मुळात का होती? आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिकेला निघालेल्या गरिबांची जागा म्हणजे ‘स्टीअरेज’. सुकाणूच्या यंत्रणेजवळच्या खालच्या मजल्यावरून हे नाव पडले. स्वतंत्र खोल्या नसत. एका लांब दालनात फळ्यांचे एकावर एक बिछाने असत.

३/ १८७९ मध्ये लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ‘डेव्होनिया’ बोटीने ग्लासगोहून न्यूयॉर्कला गेला. स्टीअरेजचे भाडे ६ गिनी, दुसऱ्या वर्गाचे ८. वरच्या २ गिनींत अंथरूण आणि जेवणाची भांडी मिळत. स्टीअरेजच्या प्रवाशाने ती स्वतः आणायची.

४/ १८८२ च्या अमेरिकन कायद्याने माणशी जागा ठरवून दिली: मुख्य डेकवर किंवा त्याच्या लगेच खाली १०० घनफूट, त्याहून खाली १२०. बिछान्यांचे थर दोनच. १०० घनफूट म्हणजे लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ४.६ फूट असलेली पेटी!

५/ मग कायद्याने कंपन्यांच्या खिशाला हात घातला. १८९१ पासून नाकारलेल्या स्थलांतरिताला कंपनीने स्वखर्चाने परत न्यायचे. १९०३ पासून निघतानाच ओळखता आला असता असा संसर्गजन्य रोगी आणल्यास १०० डॉलर दंड. साहजिकच तपासणी युरोपातच कडक झाली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीने १९०१ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्थलांतरितांसाठी निवासगृहेच उघडली. या काळजीमागे करुणेपेक्षा हिशेब अधिक होता.

६/ स्पर्धेनेही सुधारणा झाली. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर सुमारे ७ पौंडांत बंद केबिन आणि टेबलावर वाढलेले जेवण मिळे. मात्र ७०० प्रवाशांसाठी स्नानाचे टब २! आणि रोगप्रसाराच्या भीतीने अमेरिकेचे स्थलांतरविषयक नियम तिसऱ्या वर्गाला इतरांपासून वेगळे ठेवायला लावत. ती दारे यासाठी होती.

७/ बोट बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातील ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातील जेमतेम एक चतुर्थांश. ब्रिटिश चौकशीने निष्कर्ष काढला की भेदभाव झाला नाही. तेथे तिसऱ्या वर्गाच्या वतीने वकील होता, पण त्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष घेतली गेली नाही.

८/ अमेरिकन सिनेटच्या चौकशीत मात्र अशा तिघांनी साक्ष दिली. त्यांतील डॅनियल बकली या आयरिश तरुणाने सांगितले की एका खलाशाने पहिल्या वर्गाकडे जाणाऱ्या दाराला कुलूप लावले आणि एका प्रवाशाने ते तोडले. वर येण्याची संधी प्रवाशांना होती, असेही त्याने सांगितले. म्हणजे सत्य चित्रपटाइतके सरळ नव्हते, अहवालाइतके स्वच्छही नव्हते.

९/ या माणसांच्या वाट्याची हवा घनफुटांत मोजली गेली, त्यांच्या आजाराची किंमत डॉलरमध्ये ठरली. त्यांचे म्हणणे मात्र क्वचितच नोंदले गेले. म्हणून कोणताही चौकशी अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी साक्षीदारांची यादी वाचावी.