पाठ्यपुस्तकातला चौकोन
पुणे-सोलापूर महामार्गाने सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत 2009 साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपताच चित्रफीत, ध्वनिमुद्रित कविता वा स्वाध्याय उघडणाऱ्या चौकोनी संकेताची, जोड दिली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते चौकोन छापले जाऊ लागले. या प्रयोगाचे मोल तंत्रापेक्षा यात अधिक आहे की, छापील मजकूर शिकवणारा खेड्यातला शिक्षक स्वतः दृक्‌श्राव्य पाठांचा कर्ता झाला. माध्यम-साक्षरता, म्हणजे माध्यमांतील आशय पारखण्याची व घडवण्याची क्षमता, अशा करण्यातूनच रुजते. डिसेंबर 2020 मध्ये डिसले यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर 9 शिक्षकांना वाटून दिली.